वर्णन न लिहिता ऑनलाइन दुकान उघडलं तर? हातमाग साड्या विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन दुकानाची जुळवाजुळव करताना फोटो काढून होतात, किमती ठरतात, पेमेंट गेटवे जोडला जातो, कुरिअरवाल्याशी बोलणं होतं. मागे राहतं ते प्रत्येक वस्तूखालचं लिखाण. लग्नसराई किंवा दिवाळी तोंडावर आली की घरात ठरतं, ‘आधी उघडून टाकू, माहिती नंतर भरत बसू.’ या निर्णयाचा गूगलवरच्या शोधावर काय परिणाम होतो, याबद्दल विक्रेते नेहमी जे विचारतात त्याची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं पैठणीची घेतली आहेत, कारण या मालात एका ओळीच्या माहितीने किमतीत हजारोंचा फरक पडतो. मसाले, चपला किंवा दागिने विकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

वर्णनं नसताना दुकान सुरू केलं तर गूगल शिक्षा करतं का?

निव्वळ वर्णन लिहायचं राहून गेलं म्हणून नव्या दुकानावर कारवाई होत नाही. होतं ते असं, की पान स्पर्धेतच उतरत नाही. कोणी ‘जांभळी सहावारी पैठणी हातमाग’ असं शोधलं आणि तुमच्या पानावर फक्त ‘पैठणी ०४७’ आणि किंमत असेल, तर ते पान दाखवायला गूगलजवळ काहीच आधार नसतो. तुमची साडी जांभळी असेल, सहावारी असेल, हातमागाचीही असेल, पण तसं कुठे लिहिलेलंच नाही.

दुसरा परिणाम सावकाश होतो आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला. तकलादू मजकुराच्या साइट मागे ढकलणं हाच त्याचा हेतू होता, आणि पुढे तो मुख्य रँकिंगमध्ये, म्हणजे शोधातला क्रम ठरवणाऱ्या यंत्रणेत, सामावला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ नावाची यंत्रणा आली, तीही मार्च २०२४ मध्ये मुख्य यंत्रणेत मिसळली. गूगल प्रामुख्याने एकेका पानाकडे बघतं, पण संपूर्ण साइटबद्दलचे काही संकेतही विचारात घेतं. म्हणून पाचशे रिकाम्या पानांमध्ये वीस पानं उत्तम लिहिलेली असतील, तर त्या वीस पानांनाही बाकीच्यांचा भार सोसावा लागू शकतो.

आमचे फोटो इतके स्वच्छ आहेत. ते पुरेसे नाहीत का?

फोटोवरून गूगलला हिरवी साडी कळेल, काठ कळेल, पदरावरचा मोरही कदाचित ओळखता येईल. पण पैठणी घेणारी बाई जे विचारते त्यातलं फार थोडं फोटोत असतं. हातमागाची आहे की पॉवरलूमवरची सेमी पैठणी? जर, म्हणजे काठा-पदरातली चमकती तार, शुद्ध चांदीची की टेस्टेड (तांब्यावर मुलामा दिलेली)? सहावारी की नऊवारी? ब्लाउजपीस जोडून आहे का? पदर मागून कसा दिसतो? शेवटच्या प्रश्नावर तर जाणकार गिऱ्हाईक अडूनच बसतं, कारण हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, आणि जॅकार्डवर, म्हणजे नक्षी यंत्राने उठवणाऱ्या मागावर, काढलेल्या नकलेच्या मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. पदराच्या मागच्या बाजूचा फोटो टाकाच. पण तो कशाचा आहे हे शब्दांत लिहिलं नाही, तर नवख्या माणसाला त्यातलं काहीच कळणार नाही.

बरेच जण फोटोवरच किंमत, कापड आणि फोन नंबर छापून इन्स्टाग्रामचं पोस्टर बनवतात आणि तेच दुकानात चढवतात. तसं करू नका. फोटोवर छापलेला मजकूर पानावरच्या मजकुराची जागा घेत नाही, आणि मोबाइलवर तो धड वाचताही येत नाही. फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटो चढवताना त्याच्या माहितीसाठी असलेल्या रकान्यात, मात्र एक साधी ओळ लिहा: ‘हिरव्या पैठणीचा पदर, मागच्या बाजूने’. गूगल इमेजेसमध्ये तिचा उपयोग होतो, आणि दृष्टिहीन ग्राहकाचं स्क्रीन रीडर तीच ओळ वाचून दाखवतं.

मग वर्णनात लिहायचं तरी काय? आम्ही काही लेखक नाही.

लेखक असायची गरजच नाही. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस उघडा आणि मागच्या सीझनची संभाषणं वाचा. गिऱ्हाइकांनी जे जे विचारलं आणि तुम्ही जी उत्तरं टाइप केलीत, तेच तुमचं वर्णन. ‘ताई, फॉल-पिको करून देता का?’ हा प्रश्न दहा जणींनी विचारला असेल, तर त्याचं उत्तर साडीच्या पानावर हवंच.

एक नमुना पाहा. बहुतेक दुकानांत एवढंच असतं: ‘प्युअर सिल्क पैठणी, ग्रीन, बेस्ट क्वालिटी.’ आता हे वाचा:

‘येवल्यात हातमागावर विणलेली सहावारी पैठणी. अंग गडद हिरवं, काठ जांभळा, नारळी. पदरावर बांगडी मोर, अंगावर लहान बुट्ट्या. पदर मागूनही तितकाच स्वच्छ आहे, चौथा फोटो पाहा. रेशीम शुद्ध, सिल्क मार्कचं लेबल सोबत येतं. जर टेस्टेड आहे, शुद्ध चांदीची नाही. लांबी साडेपाच मीटर, शिवाय ८० सेंटिमीटर ब्लाउजपीस. फॉल-पिको केलेला नाही, हवा असल्यास ऑर्डर देताना कळवा. फक्त ड्रायक्लीन. फोटो दिवसाच्या उजेडात काढले आहेत, तरी मोबाइलवर जांभळा रंग किंचित निळसर दिसू शकतो.’

यात एकही सजवलेलं वाक्य नाही. तरीही येवला, हातमाग, सहावारी, नारळी काठ, बांगडी मोर, टेस्टेड जर असे लोक खरोखर शोधतात ते शब्द आपसूक आले आहेत. कीवर्ड म्हणून वेगळं काही पेरावं लागलं नाही. ‘शुद्ध चांदीची नाही’ हे लिहायला अनेकांचा हात धजत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ते लिहावं. ज्या बाईला शुद्ध जरच हवी आहे ती तुमच्याकडून घेऊन नंतर परत पाठवणार, दोन्ही बाजूंचं कुरिअर तुमच्या अंगावर पडणार आणि वर एका ताऱ्याचा रिव्ह्यू मिळणार.

आणखी एक खबरदारी घ्या. सिल्क मार्क रेशमाची ग्वाही देतो, हातमागाची नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. दोन्हींची सरमिसळ करून लिहू नका. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे, पण ‘जीआय टॅग असलेली’ असं लिहायचं तर तुमचा विणकर त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे आधी त्याला विचारून घ्या.

किमान किती शब्द हवेत?

असा आकडा नाही. शब्दसंख्येवर रँकिंग ठरत नाही, हे गूगलने वेळोवेळी सांगितलं आहे. सुती टॉवेलला चार ओळी पुरतात, महाराणी पैठणीला वीसही कमी पडतील.

आमच्याकडे सहाशे साड्या आहेत. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत दुकान बंद ठेवायचं का?

अजिबात नाही. चाळीस साड्यांचं नीट लिहा आणि चाळीस साड्यांचं दुकान उघडा. उरलेल्या ड्राफ्टमध्ये ठेवा आणि लिहून होतील तशा पंधरा-वीस करत प्रकाशित करा. चाळीस साड्यांचं दुकान गिऱ्हाइकाला लहान वाटत नाही. सहाशे फोटो आणि खाली काहीच नाही, असं दुकान मात्र अर्धवट सोडल्यासारखं दिसतं आणि तिथे पैसे भरायला हात कचरतो.

सगळ्या साड्या विक्रीला दिसल्याच पाहिजेत अशी अडचण असेल, म्हणजे प्रदर्शनात क्यूआर कोड लावला आहे किंवा जुन्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवायची आहे, तर न लिहिलेल्या पानांवर नोइंडेक्स (noindex) ही खूण लावा. माणसांना ती दिसतील, गूगल त्यांना शोधात घेणार नाही. त्यासाठी रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt, गूगलने कोणती पानं उघडायची नाहीत ते सांगणारी फाइल) मात्र ती पानं अडवू नका. गूगलला पान उघडताच आलं नाही, तर त्यावरचा नोइंडेक्सही त्याला वाचता येत नाही. आणि वर्णन भरलं की नोइंडेक्स काढायला विसरू नका. ही विसरभोळी चूक फार ठिकाणी महिनोन्‌महिने राहून जाते.

लिहायची सुरुवात कुठून करायची, तर आधी विभागांची पानं: ‘नऊवारी पैठणी’, ‘सेमी पैठणी’, ‘सुती इरकल’. लोक बहुतेक वेळा एका ठरावीक साडीचा शोध घेत नाहीत, प्रकाराचा घेतात, आणि तिथे विभागाचं पानच वर येऊ शकतं. त्या पानावर दोन-तीन परिच्छेद लिहा: हा प्रकार कसा ओळखायचा, किंमत कितीपासून कितीपर्यंत जाते आणि का, निगा कशी राखायची. त्यानंतर ज्यांच्यावर जाहिरातीचा पैसा लावणार आहात त्या साड्या घ्या, मग महागड्या, आणि उरलेल्या सगळ्यांत शेवटी.

तोवर ‘माहिती लवकरच उपलब्ध होईल’ असं लिहून ठेवलं तर?

यापेक्षा जागा कोरी ठेवलेली बरी, आणि त्याहून ड्राफ्ट बरा. तेच वाक्य साडेपाचशे पानांवर गेलं की गूगलच्या दृष्टीने ती पानं एकमेकांच्या नकला ठरू शकतात. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटची शोधातली स्थिती दाखवणाऱ्या गूगलच्या मोफत साधनात, मग पानं ‘डुप्लिकेट’च्या यादीत जातात, ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’ (गूगलने वाचलं, पण शोधाच्या यादीत घेतलं नाही) या यादीत जातात, आणि काही तर ‘सॉफ्ट ४०४’ ठरतात, म्हणजे पान उघडतं पण त्यात काही नाही असं गूगलचं मत होतं. थीमसोबत आलेला लॅटिन नमुना मजकूर तसाच राहिलेली दुकानंही दिसतात. प्रकाशित करण्याआधी साइटच्या शोधखिडकीत रोमन लिपीत ‘lorem’ (त्या मजकुराचा पहिला शब्द) टाकून बघा.

होलसेलरने दिलेल्या कॅटलॉगमधलं वर्णन जसंच्या तसं टाकलं तर चालेल का?

त्याबद्दल शिक्षा होत नाही, पण फायदाही होत नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याचा तोच कॅटलॉग तुमच्यासारख्या शेकडो जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला असतो. एकच मजकूर अनेक ठिकाणी दिसला की गूगल त्यातली एखाद-दुसरी प्रत निवडून दाखवतं, आणि नव्या दुकानाची प्रत निवडली जाण्याची शक्यता फार कमी असते.

शोधापेक्षा मोठा धोका मजकुराच्या खरेपणाचा आहे. कॅटलॉगमध्ये ‘प्युअर सिल्क’ सर्रास लिहिलेलं असतं. ते तुम्ही तुमच्या दुकानात छापलं की तो दावा तुमचा होतो, आणि तक्रार आली तर ग्राहक आयोगासमोर तुम्हालाच उभं राहावं लागतं. साडी हातात घ्या, उलटी करून बघा, मापा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

एआयकडून सहाशे वर्णनं एका दुपारीत लिहून घेतली तर?

मजकूर यंत्राने लिहिला म्हणून गूगल तो नाकारत नाही. कसा तयार झाला यापेक्षा उपयोगाचा आहे का हे बघतो, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं. पण रँकिंगसाठी घाऊक प्रमाणात निरुपयोगी पानं तयार करणं हे मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे मोडतं, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने.

अडचण अशी, की तुमच्या कपाटातली साडी एआयने पाहिलेली नाही. नुसता फोटो देऊन ‘वर्णन लिही’ म्हटलंत तर ते ‘परंपरा आणि सौंदर्याचा अनोखा संगम’ असं काहीतरी लिहील, आणि सहाशे वेळा लिहील. त्याहून वाईट म्हणजे ते बेधडक ‘शुद्ध जर’ लिहून मोकळं होईल. आधी तुम्ही एक्सेलमध्ये तक्ता भरा: विणकाम कुठलं, हातमाग की पॉवरलूम, रेशीम, जर, काठ, पदर, बुट्टी, लांबी, ब्लाउजपीस, फॉल-पिको, निगा. एवढं दिल्यावर त्यावरून वाक्यं जुळवायला एआयची मदत खुशाल घ्या, आणि प्रत्येक वर्णन घरातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. तक्ता भरणं हेच खरं काम आहे आणि ते दुसरं कोणी करू शकत नाही.

आमच्याकडे प्रत्येक साडीचा एकच नग असतो. विकली की पान संपलं. मग लिहायचं कशाला?

हातमागवाल्यांचा हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. प्रत्येक नगाला नवं पान केलं, की गूगलला ते सापडून त्यावर चार लोक येईपर्यंत साडी विकलेली असते, आणि मेहनत पुन्हा शून्यावर येते. त्यामुळे पानं नगाची न करता प्रकाराची करा. ‘आसावली पदराची सहावारी पैठणी’ हे कायमचं पान. त्यात रंग हे व्हेरिएंट. आज हिरवी आणि राणी रंगाची आहे, पुढच्या महिन्यात मोरपंखी येईल, पण पत्ता तोच राहील आणि त्या पानाची शोधातली पत वर्षानुवर्षं वाढत जाईल. एकदा मन लावून लिहिलेलं वर्णन वीस साड्या विकून देतं.

खरोखरच एकमेव साडी असेल, तर ती विकल्यावर पान लगेच उडवू नका. ‘विकली गेली’ असं दाखवा, स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (गूगलसाठी पानाच्या कोडमध्ये दिलेल्या माहितीत) स्टॉक संपल्याची नोंद होऊ द्या आणि खाली तशाच तीन-चार साड्यांचे दुवे द्या. अशी पानं पाहून ‘अशीच विणून मिळेल का?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं येतात, आणि विणकराला आगाऊ काम मिळतं. पुढे पान काढायचंच झालं तर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून कायमचं वळण, जवळच्या विभागाकडे द्या. सगळी जुनी पानं मुख्यपृष्ठाकडे वळवलीत तर गूगल त्यांनाही सॉफ्ट ४०४ धरू शकतं.

रिकामी पानं आधीच चढवली आहेत. आता वर्णनं भरली तर फरक दिसायला किती वेळ लागेल?

गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. ज्या पानांकडे त्याने एकदा दुर्लक्ष केलं आहे तिथे ते परत लवकर फिरकत नाही. सीझनच्या तोंडावर रिकामं दुकान उघडण्यातलं नुकसान हेच आहे: वर्णनं नंतर भरता येतात, पण ती वाचली जाईपर्यंत लग्नसराई उलटून जाते. वेग वाढवायचा तर महत्त्वाच्या पानांसाठी सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीतून इंडेक्सची विनंती करा, साइटमॅपमधली (साइटच्या पानांची गूगलला दिलेली यादी) बदलाची तारीख खरी ठेवा आणि मुख्यपृष्ठावरून त्या पानांना दुवे द्या. वर्णन भरताना पानाचा पत्ता मात्र बदलू नका.

वर्णन टॅबमध्ये किंवा ‘अधिक वाचा’च्या मागे असेल तर गूगलला दिसतं का?

दिसतं, फक्त ते पानाच्या कोडमध्ये आधीपासून हवं. क्लिक केल्यावरच सर्व्हरवरून येत असेल तर दिसत नाही, कारण गूगल बटणं दाबत बसत नाही. आणि गूगल तुमच्या साइटचं मोबाइलवरचं रूप वाचतं, त्यामुळे जागा वाचवायला मोबाइलवर वर्णन काढून टाकलं असेल तर ते नसल्यातच जमा.

मराठीत लिहावं की इंग्रजीत?

जमलं तर दोन्ही, पण वेगवेगळ्या पत्त्यांवर, आणि एकमेकांशी एचआरइएफलँग (hreflang) खुणेने जोडून, म्हणजे हे त्याच पानाचं दुसऱ्या भाषेतलं रूप आहे हे गूगलला कळतं. एकाच पानावर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी अशी खिचडी झाली की ते पान कोणत्या भाषेतल्या शोधाला दाखवायचं हे गूगलला नीट ठरवता येत नाही. ब्राउझरमध्ये जागच्या जागी भाषांतर करून दाखवणाऱ्या प्लगइनवर भिस्त ठेवू नका. त्या भाषांतराला स्वतःचा पत्ता नसेल तर गूगलसाठी ते नाहीच.

एकच भाषा झेपत असेल तर तुमचं गिऱ्हाईक बघा. पुण्या-मुंबईतले आणि परदेशातले बरेच मराठी लोक ‘पैठणी’ रोमन लिपीतच टाइप करतात, तिथे इंग्रजी पान लागेल. पण देवनागरीत शोधणाऱ्यांसाठी नीट लिहिलेली मराठी पानं अजून फार थोडी आहेत, आणि लहान दुकानाला वर यायला तिथे खरी जागा आहे. अमेरिकेत किंवा आखातात माल पाठवत असाल तर कस्टम ड्यूटी कोण भरणार हेही पानावर लिहा. तो प्रश्न हमखास येतो.

गूगल शॉपिंगमध्ये मोफत दिसायचं आहे. तिथे वर्णन लागतं का?

हो, मर्चंट सेंटरच्या (गूगलला मालाची माहिती देण्याची जागा) फीडमध्ये, म्हणजे तिथे द्यायच्या मालाच्या यादीत, वर्णन हा सक्तीचा रकाना आहे. त्यात ५००० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, आणि शीर्षकाला १५० अक्षरांची मर्यादा आहे. फोन नंबर, ‘मोफत डिलिव्हरी’ किंवा ‘सेल’ असा मजकूर तिथे नको.

कायद्याने काही माहिती देणं बंधनकारक आहे का?

आहे, आणि हे सर्च इंजिनच्या आधी बघायला हवं. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या वैधमापन नियमांनुसार पॅकबंद माल ऑनलाइन विकताना उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं सर्वसाधारण नाव, निव्वळ प्रमाण, एमआरपी अशा बाबी पानावर दाखवाव्या लागतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे एकूण किंमत, मूळ देश, परताव्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क द्यायला हवा. मसाले, लोणची, पापड विकणाऱ्यांना एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना किंवा नोंदणी लागतेच, आणि घटक व टिकण्याची मुदत पानावर लिहिणं गिऱ्हाइकाच्या जिवाशी निगडित आहे. एखाद्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते.

दुकान उघडल्यावर पहिल्या आठवड्यात काय तपासायचं?

आधी कुलूप निघालं आहे ना ते बघा. शॉपिफायवर पासवर्डचं पान चालू राहिलेलं असतं, वर्डप्रेसवर ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही चौकट टिक केलेली राहते, आणि मग वर्णनं कितीही चांगली असली तरी काही दिसत नाही. त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप द्या आणि ‘पेजेस’ हा अहवाल उघडून इंडेक्स न झालेल्या पानांची कारणं वाचा. तीन-चार आठवड्यांनी ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले ते तिथे दिसतं. त्यात ‘पैठणी मागची बाजू’ किंवा ‘नऊवारी किती मीटर’ असं काही सापडलं आणि त्याचं उत्तर तुमच्या पानावर नसेल, तर ते त्याच दिवशी लिहून टाका.